घड्याळ मागे पडलं आणि दोन भावांत वितुष्ट आलं

अंबड तालुक्यातल्या दोन चुलत भावांची विहीर सामाईक. थ्री-फेज आठ तास, चार-चार तासांची पाळी, मोटारी वेगळ्या. शिवारात मोबाइलला रेंज नाही, म्हणून मार्चअखेर मी दोघांना ठरल्या वेळी मोटार चालू-बंद करणारे टायमर बनवून दिले. घड्याळासाठी डीएस३२३१एसएन या वेळ राखणाऱ्या चिपचं मॉड्यूल (छोटा तयार बोर्ड) मुद्दाम निवडलं. मे महिन्यात पत्र्याच्या डब्यात साधं क्वार्ट्झ घड्याळ मागे पडतं; ही चिप तापमान मोजून तो फरक स्वतःच भरून काढते.

मेअखेर धाकट्याचा फोन आला. "दादा मुद्दाम मोटार उशिरा बंद करायलाय. माझं पाणी खायलाय." मोसंबी वाळत असताना माणूस एकेक मिनिट मोजतो. जाऊन बघितलं तर थोरल्याचा टायमर ६० दिवसांत ७ मिनिटं मागे! ±२ पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख सेकंदांत फार तर २ सेकंद चुकणाऱ्या चिपचा फरक तेवढ्या दिवसांत १० सेकंदांच्या आसपास असायला हवा.

घरी आणून तपासलं. खरी एसएन चिप तापमानाची नोंद ६४ सेकंदांनी बदलते. मी चिपवर बोट टेकवलं, तर लॅपटॉपवर तापमानाचा आकडा दर सेकंदाला बदलत होता. ती डीएस३२३१एम या कमी अचूक, एम जातीच्या चिपची खूण. पण एमचीही हमी ±५ पीपीएमची असते, म्हणजे ६० दिवसांत २६ सेकंद. आत टाकाऊ माल होता आणि वरचं नाव खोडून नवं छापलं होतं. दुकानदार म्हणाला, "सगळे हेच विकतात." पैसे परत दिले नाहीत.

आणखी एक, आणि हे जास्त धोक्याचं. या निळ्या मॉड्यूलवर सेल चार्ज करणारं सर्किट असतं. दुकानदाराने त्यात चार्ज न होणारा सीआर२०३२ बटन सेल बसवून दिला होता. मॉड्यूल ५ व्होल्टवर चालत असल्याने तो सेल चार्ज होऊन फुगला. सीआर२०३२ वापरायचाच असेल तर डायोडजवळचा २०० ओहमचा रेझिस्टर आधी काढून टाका.

आता प्रत्येक मॉड्यूल आठ दिवस फोनच्या वेळेशी ताडून बघतो. दीड सेकंदापेक्षा जास्त हललं की बाजूला. बोटाची परीक्षा तर दुकानातच करता येते, लॅपटॉप आणि चिप वाचणारा बोर्ड सोबत न्या.

थोरल्याचा टायमर माझ्या खर्चाने बदलला. मग दोघांना विहिरीवर बोलावून ती चिप दाखवली आणि सांगितलं, दादाने वेळेला हात लावला नव्हता. धाकटा काही बोलला नाही. त्या दिवशी आपल्या पाळीतलं अर्ध्या तासाचं पाणी त्याने दादाला सोडलं.