लोंगशेंगची भातखाचरे आणि दोन दिवसांत उरकलेली सहल

चीनच्या क्वांग्शी प्रदेशातील गुइलिन या शहरात विद्यार्थी आदानप्रदान कार्यक्रमातून मी एक सत्र शिकून आले. त्या सत्रात परदेशी विद्यार्थ्यांसाठी आखलेल्या एका शनिवार-रविवारच्या ग्रामीण सहलीला मी गेले होते. यंदा कोल्हापूर परिसरातील आणखी काही मुले-मुली तिकडे निघाली आहेत आणि 'त्या सहलीला पैसे भरावेत का' असे त्यांनी मला विचारले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. प्रवाससंस्थेचे नाव देत नाही, कारण जवळपास याच आखणीच्या सहली तेथे अनेक जण विकतात आणि माझा आक्षेप त्या आखणीवर आहे. माझे मत आधीच सांगते. ही सहल जिथे घेऊन जाते ते गाव पाहण्यासारखे नव्हे, तर राहण्यासारखे आहे. परंतु सहलीच्या आखणीत गावासाठीच सर्वांत कमी वेळ ठेवलेला आहे.

माणशी ६८० युआन, म्हणजे आपले साधारण आठ हजार रुपये, घेतले होते. त्यात बस, एका रात्रीचा मुक्काम, तीन जेवणे, प्रवेशशुल्क आणि दुसऱ्या दिवशीची बांबूच्या तराफ्याची फेरी असे सगळे आले. आम्ही अठ्ठावीस विद्यार्थी होतो, त्यांत महाराष्ट्रातून आलेल्या आम्ही दोघी, मी आणि शिरोळ तालुक्यातील एक मैत्रीण. कागदपत्रांच्या बाबतीत संस्थेचे काम निर्दोष होते, हे आवर्जून नोंदवते. चीनमध्ये परदेशी माणूस कोठेही मुक्कामाला राहिला तरी त्याची स्थानिक पोलिसांकडे २४ तासांच्या आत नोंद व्हावी लागते; हॉटेल असेल तर ते काम हॉटेलवालेच करतात, परंतु डोंगरातल्या छोट्या घरगुती मुक्कामात अठ्ठावीस पासपोर्टांची नोंद करायची म्हणजे संध्याकाळ त्यातच जाण्याची भीती असते. संस्थेने आमच्या पासपोर्टच्या प्रती चार दिवस आधीच पाठवून ठेवल्या होत्या, त्यामुळे आम्ही पोहोचलो तेव्हा फक्त चेहरे आणि मूळ पासपोर्ट ताडून पाहायचे राहिले होते. बसचालकही संयमी होता आणि वळणाच्या रस्त्यावर त्याने एकदाही घाई केली नाही.

घाई केली ती आखणीने, आणि तीही नको तिथे वेळ घालवून झाल्यावर. गुइलिनहून लोंगशेंग तालुक्यातील लोंगजी भातखाचरांपर्यंत बसने दोन-अडीच तास लागतात. सकाळी साडेसातला निघालेलो आम्ही अकराच्या आत वर असायला हवे होतो. त्याऐवजी तासाभराच्या प्रवासानंतर बस एका चांदीच्या दागिन्यांच्या दालनासमोर उभी राहिली आणि तेथून निघायला तब्बल सव्वा तास लागला. विद्यार्थ्यांपैकी कोणीही काही विकत घेतले नाही. पुढे ह्वांगल्वो या याओ लोकांच्या गावात लांब केसांचा कार्यक्रम होता आणि त्याचे तिकीट वेगळे होते. तेथील लाल याओ समाजाच्या स्त्रिया आयुष्यात एकदाच, अठराव्या वर्षाच्या सुमारास, केस कापतात आणि तांदळाच्या आंबवलेल्या पाण्याने ते धुतात, ही माहिती मला मनापासून आवडली. मात्र ती ध्वनिवर्धकावरून, टाळ्यांच्या तालावर, रंगमंचासमोर बसून ऐकण्यापेक्षा एखाद्या घराच्या ओसरीवर ऐकली असती तर त्या बायकांनाही बरे वाटले असते असे मला वाटले. चीनच्या पर्यटन कायद्यात, जो १ ऑक्टोबर २०१३ पासून लागू आहे, प्रवाशांना ठरावीक दुकानांत नेण्यावर आणि जादा पैशांचे कार्यक्रम लावण्यावर निर्बंध आहेत. प्रवाशाने आधी मान्यता दिली असेल तरच त्यातून वाट निघते. म्हणून पैसे भरण्यापूर्वीच 'वाटेत कोणती दुकाने, कोणते जादा तिकीट' हे लेखी विचारावे. आम्ही ते विचारले नाही आणि आमच्या सहीच्या कागदावर ते बारीक अक्षरांत लिहिलेले होते.

खाचरांच्या प्रवेशद्वारापाशी मोठी बस सोडून स्थानिक लहान बसमध्ये बसावे लागते, कारण वरचा रस्ता अरुंद व सतत वळणारा आहे. दाझाय गावाच्या तोंडाशी तीही थांबते आणि पुढे दगडी पायऱ्या सुरू होतात. गावात वाहन जात नाही. पायथ्याशी पाठीवर बांबूच्या पाट्या घेतलेल्या बायका उभ्या असतात आणि ठरलेल्या पैशांत आपले सामान वर नेतात. वयाने माझ्या आईएवढ्या बाईच्या पाठीवर माझी पिशवी देणे मला जमेना, पण मार्गदर्शक मुलीने सांगितले की भातापेक्षा या कामातून हाती रोकड लवकर येते. तेव्हा मी पिशवी दिली आणि वाटेत तिच्या मागेमागे चालत राहिले. जोतिबाच्या पायऱ्या चढण्याची सवय असलेल्या माणसालाही इथे दम लागतो.

वर पोहोचल्यावर जे दिसले ते सांगण्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. सुमारे ३०० मीटरपासून ११०० मीटरपर्यंतचा अख्खा डोंगरउतार मातीच्या बांधांनी कोरलेला होता, आणि आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात गेल्यामुळे निम्म्याअधिक खाचरांत पाणी तुंबवलेले होते. ढग खाली उतरले की खाचरे दिसेनाशी होत आणि ढग सरकले की तेच पाणी एकदम पांढरे चमकू लागे. ही शेती युआन राजवटीच्या काळात (तेरावे-चौदावे शतक) सुरू झाली आणि छिंग राजवटीच्या आरंभी (सतरावे शतक) पूर्ण झाली असे मानतात. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने दक्षिण चीनमधील इतर डोंगरी भातखाचरांसह तिला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशात स्थान दिले. माथ्यावरचे जंगल गावकऱ्यांनी राखलेले आहे, कारण पावसाचे पाणी तेच धरून ठेवते आणि झऱ्यांवाटे वर्षभर सोडते. पुढे ते चरांतून आणि चिरलेल्या बांबूच्या पन्हाळींतून एका खाचरातून दुसऱ्यात उतरत जाते. राधानगरीकडच्या आमच्या शेतात वरच्या खाचराचा बांध फोडून खाली पाणी सोडतात, त्याचेच हे शेकडो पायऱ्यांचे रूप होते.

बसमध्ये मार्गदर्शक मुलीने एक गोष्ट सांगितली होती, ती तिच्या खात्यावर जमा करायलाच हवी. एका शेतकऱ्याने दिवसभर लावणी करून संध्याकाळी आपली खाचरे मोजली तर एक कमी भरले. पुन्हा मोजले तरी तेच. शेवटी नाद सोडून घरी निघताना त्याने जमिनीवर टाकलेले पावसाचे पांघरूण उचलले, तर हरवलेले खाचर त्याच्याखाली होते. बाकीच्या मुलांना ते पांघरूण म्हणजे काय हे समजावून सांगावे लागले. माझ्या डोळ्यांसमोर मात्र इरले उभे राहिले. आपले इरले कामट्यांच्या सांगाड्यावर पाने बसवून केलेले, डोक्यापासून पाठीपर्यंत कासवासारखे. तिकडचे झाडाच्या तंतूंचे, खांद्यावर बांधायचे. पण त्याच्याखाली झाकले जाणारे खाचर मी त्या दुपारी प्रत्यक्ष पाहिले. एका कडेला ते इतके निमुळते होते की तेथे रोपांची जेमतेम एक ओळ बसत होती.

कार्यक्रमपत्रिकेत 'शेतीचा अनुभव, दीड तास' असे छापले होते. दुकानात आणि कार्यक्रमात गेलेला वेळ इथे कापला गेला आणि आमच्या वाट्याला पंचवीस मिनिटे आली. त्यातही पहिली दहा मिनिटे छायाचित्रांत गेली. बहुतेक मुले पहिल्यांदाच चिखलात उतरत होती, हसत होती, पडत होती. त्यांचा आनंद खरा होता आणि त्यांना दोष देण्याचे काही कारण नाही. पण ज्या कुटुंबाचे ते खाचर होते त्यांना आम्ही गेल्यावर अर्धी लावणी उपटून पुन्हा करावी लागणार हे मला दिसत होते, आणि त्याची भरपाई त्यांना मिळते का या माझ्या प्रश्नाला 'सगळे ठरलेले आहे' एवढेच उत्तर मिळाले.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी सहाच्या सुमारास, उजाडताच, एकटी त्या खाचराकडे गेले. घरातील म्हातारी बाई कामाला लागली होती. तिचे केस कपाळावर मोठ्या गाठीने बांधलेले होते. विवाहित आणि मुले असलेली स्त्री तशी गाठ बांधते, हे आदल्या दिवशी कळले होते. आजीला तिकडे म्हणतात तसे मी तिला 'नायनाय' म्हटले, चपला काढल्या आणि पाण्यात उतरले. बांधावर पेंढ्याच्या काडीने बांधलेल्या रोपांच्या मुठी पडल्या होत्या, अगदी आपल्याकडे तरवा उपटून ठेवतात तशा. मी एक मूठ सोडून उलट पावली लावत मागे सरकू लागले, तेव्हा तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता शेजारची ओळ धरली. थोड्या वेळाने तिने माझ्या हातातील मूठ घेतली, अंगठा आणि दोन बोटांनी तीन-चारच रोपे सुटी केली आणि मुळे दुमडू न देता सरळ चिखलात रोवून दाखवली. मी घरच्या सवयीने एका जागी जास्त लावत होते. वरच्या खाचरात एक जोडपे नांगर चालवत होते. बाई पुढे खांद्यावर दोर घेऊन ओढत होती आणि पुरुष मागे रुमणे धरून होता, कारण तेवढ्या जागेत रेडा वळवता येत नाही. पाऊण तास आम्ही लावणी केली. या सहलीतील माझी कमाई तेवढीच, आणि ती पत्रिकेत नव्हती.

मुक्काम लाकडी घरात होता. खोल्या स्वच्छ, अंथरुणे कोरडी, गरम पाणी भरपूर. भिंती फळ्यांच्या असल्याने शेजारच्या खोलीतले कुजबुजणेही ऐकू येते, पण त्याची तक्रार करू नये. जेवणात बांबूच्या नळीत शिजवलेला भात होता. ती नळी निखाऱ्यावर काळी होईपर्यंत भाजतात आणि फोडल्यावर भाताला चिकटलेला पातळ पापुद्रा निघतो. त्याला जो सुवास येतो तो आजऱ्याच्या घनसाळ तांदळाची आठवण करून देणारा होता. सकाळी तेलात परतलेल्या चहाच्या पानांचा खारट चहा, त्यात फुलवलेले तांदूळ, असे पेय मिळाले. पहिला घोट परका वाटतो, तिसऱ्यापर्यंत आवडू लागतो.

परंतु शाकाहारी माणसाच्या बाबतीत संस्थेने अक्षम्य निष्काळजीपणा केला. माझी मैत्रीण जैन आहे. तिने अर्जात ते स्पष्ट लिहिले होते, आणि तरीही तिच्यापुढे आलेली पालेभाजी डुकराच्या चरबीत परतलेली निघाली. तिकडे ग्रामीण स्वयंपाकात ती चरबी सर्रास वापरतात आणि भाजीत मांसाचा तुकडा नसला की ती शाकाहारी, असा समज असतो. दोष घरमालकिणीचा मुळीच नव्हता, तिच्यापर्यंत निरोपच पोहोचला नव्हता. चिनी अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी दाखवताच तिने कढई घासून साध्या तेलात भाजी केली, वर दोनदा येऊन विचारून गेली. जाणाऱ्यांनी अशी चिठ्ठी स्वतःच जवळ ठेवावी. 'वो छ्र सू', म्हणजे 'मी शाकाहारी आहे', एवढ्यावर न थांबता 'डुकराची चरबी नको' हेही त्यात लिहावे. बौद्ध मठातील शाकाहारात कांदा-लसूणही वर्ज्य असल्याने, जैन मंडळींनी 'मठात खातात तसे' असे सांगितले तर लगेच समजते.

रविवारचा उरलेला दिवस यांगश्वो या ठिकाणासाठी, म्हणजे तराफ्याच्या फेरीसाठी होता आणि तो फुकट गेला. लोंगजी गुइलिनच्या वायव्येला, यांगश्वो दक्षिणेला. म्हणजे कोल्हापुरातून गगनबावड्याला जाऊन त्याच दमात गोकाकचा धबधबा गाठण्यासारखे ते झाले. साडेसातला गाव सोडून आम्ही दुपारपर्यंत बसमध्येच होतो. युलोंग नदीवरील तराफ्याची फेरी सुंदर आहे, चुनखडीचे सुळके पाण्यात उतरलेले दिसतात, पण झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी ते पाहण्यात अर्थ नाही. २० युआनच्या नोटेच्या मागे छापलेला ली नदीचा देखावा जेथून दिसतो त्या शिंगपिंगला तर आम्हाला पंधरा मिनिटे मिळाली.

यांगश्वोसाठी समूह सहलीची गरजच नाही, हे मला नंतर कळले. गुइलिनहून वेगवान रेल्वेने अर्ध्या तासात तेथे पोहोचता येते आणि यांगश्वो नावाचे स्थानक मुळात शिंगपिंगलाच आहे. पासपोर्ट दाखवून तिकीट मिळते. तो शनिवार-रविवार वेगळा ठेवावा. लोंगजीसाठी मात्र संस्थेची मदत घ्यावी आणि शुक्रवारी दुपारी निघून दाझायमध्येच दोन रात्री काढाव्यात. खाचरांत पाणी पाहायचे असेल तर मेअखेर ते जूनचा मध्य, पिकलेले भात पाहायचे असेल तर सप्टेंबरअखेर. १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा टाळावा, कारण त्या दिवसांत पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. व्हॉट्सॲप तेथे चालत नाही, सगळ्या सूचना वीचॅट या तिकडच्या ॲपवर येतात. मोबाइलवरून पैसे देण्यासाठी अलीपे किंवा वीचॅटला बँकेचे कार्ड आधीच जोडून घ्यावे, शिवाय पाट्या वाहणाऱ्या बायकांसाठी सुट्या नोटा जवळ ठेवाव्यात.

परत आल्यावर मी आणि मैत्रिणीने मिळून हे सारे संस्थेला दोन पानी पत्रात कळवले. आठवड्याने उत्तर आले. पुढच्या सत्रापासून चांदीचे दालन वगळतो आणि आहाराची यादी चिनी भाषेत थेट घरमालकांना पाठवतो, असे त्यांनी मान्य केले. यांगश्वो मात्र ठेवणार आहेत, कारण दोन्ही नावे जाहिरातीत असली तरच बस भरते. यंदा जाणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी पहिली दोन आश्वासने पाळली आहेत का ते तपासावे, आणि दहा-बारा जण जमत असतील तर फक्त लोंगजीची दोन रात्रींची वेगळी सहल मागावी. किमान दहा जण असल्यास ती करून देऊ, असे संस्थेने त्याच उत्तरात शेवटी लिहिले आहे.