‘जुना हप्ता आम्ही बंद करतो’ असं म्हणणाऱ्या मोबाइल दुकानापासून सावध

कापसाचा पैसा हातात यायला लागला आणि दिवाळी तोंडावर आली की आपल्या खान्देशात मोबाइलच्या दुकानांवर एक्सचेंजचे फलक चढतात. जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, मजकूर सारखाच असतो: जुना फोन आणा, नवा घेऊन जा, हप्ते चालू असले तरी चालेल. या शेवटच्या वाक्याने मी फसलो. ज्यांच्या फोनचे हप्ते अजून बाकी आहेत त्यांनी दुकानात जाण्याआधी हे वाचावं.

परदेशात म्हणे सिमकार्डाची कंपनीच दोन-दोन वर्षांचा करार करून फोन देते. आपल्याकडे बहुतेकांचं सिम प्रीपेड असतं. आपण बांधलेलो असतो ते फायनान्स कंपनीला. फोन आपल्या खिशात असतो, पण शेवटचा हप्ता जाईपर्यंत कर्ज आपल्या नावावर असतं. हे कर्ज चालू असताना फोन बदलायचा म्हटलं की मध्ये दुकानदार येतो, आणि खेळ तिथेच होतो.

माझा पहिला फोन १५,००० रुपयांच्या कर्जावर होता. दरमहा १,५०० असे दहा हप्ते, त्यातले चार गेलेले आणि सहा बाकी, म्हणजे ९,००० रुपये देणं. मुलीच्या कॉलेजसाठी जरा बरा फोन हवा होता. अमळनेरहून जळगावला गेलो आणि तिथल्या एका दुकानात शिरलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे.

काउंटरवरच्या पोराने जुना फोन उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, याचे बरोबर ९,००० देतो. तेवढ्यात तुमचं जुनं कर्ज फिटतं. २६,००० चा नवा फोन घ्या, बारा हप्ते, व्याज शून्य, महिन्याला साधारण २,२००. मी विचारलं, जुन्या कंपनीचं कोण बघणार? तो आमच्याच बोलीत म्हणाला, “टेन्शन लेऊ नका आप्पा, मी शे ना!” आपल्या बोलीत कुणी असं बोललं की माणूस आपला वाटतो. ही पोरं हे चांगलं ओळखून असतात.

त्याने माझाच फोन हातात घेतला. एकामागून एक ओटीपी येत गेले आणि तो ते टाकत गेला. नंतर सगळे मेसेज शांतपणे वाचले तेव्हा कळलं की एक आधार पडताळणीचा होता, एक कर्जाच्या कराराला मान्यता देणारा आणि एक माझ्या बँक खात्यातून दरमहा आपोआप पैसे कापायच्या परवानगीचा. तीन वेगवेगळ्या सह्याच म्हणा. जुना फोन, त्याचा डबा आणि मूळ बिल त्याने ठेवून घेतलं. “ई-मेल आयडी आहे का?” असंही विचारलं होतं. मला रोजच्या वापराचा नव्हता, तर त्याने तिथेच एक बनवला. कराराची सगळी कागदपत्रं त्या पत्त्यावर गेली. त्याचा पासवर्ड मला कधी मिळाला नाही.

पुढच्या महिन्याच्या हप्त्याच्या तारखेला खात्यातून आधी २,४०० गेले, मग १,५०० चा हप्ता आला आणि शिल्लक पुरली नाही. बँकेने बाउन्सचे पैसे कापले आणि जुन्या फायनान्स कंपनीने वेगळा दंड लावला. दुकानात फोन केला तर उत्तर मिळालं, सिस्टीमला वेळ लागतो, पुढच्या महिन्यात बंद होईल. पुढच्या महिन्यातही तेच झालं. नंतर तो पोरगा तिथे राहिला नाही आणि मालक म्हणाला, असं काही ठरलंच नव्हतं. बिल पाहिलं तर त्यात फक्त नवा फोन होता. जुना फोन घेतल्याची, त्याच्या ९,००० रुपयांची एक ओळही नाही.

आणि हे २,४०० कुठून आले? त्या फोनवर २,८०० रुपयांचा ‘सुरक्षा प्लॅन’ चढवला होता. २६,००० अधिक २,८००, म्हणजे २८,८००. त्याचे बारा हप्ते केले की बरोबर २,४००. त्या प्लॅनबद्दल मला एका शब्दाने विचारलेलं नव्हतं. शून्य व्याजाचं म्हणाल तर तोच फोन दुसऱ्या दुकानात रोखीने २४,५०० ला मिळत होता. व्याज किमतीतच बसवलेलं होतं. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. फलक मात्र अजून लागतात.

हिशोब नीट समजून घ्या. नव्या फोनची रक्कम फायनान्स कंपनीकडून दुकानाला लगेच मिळते. माझा जुना फोन त्याला फुकटात पडला. माझ्याकडे राहिली दोन कर्जं. दुकानदार माझ्या जुन्या कर्जाच्या करारात कुठेच नाही, त्यामुळे त्याने ‘बंद करतो’ म्हणण्याला त्या कंपनीच्या लेखी काडीची किंमत नाही.

सगळ्यात वाईट गोष्ट पुढे कळली. एके दिवशी धरणगावकडच्या एका अनोळखी मुलाचा फोन आला. माझा जुना फोन त्याने त्याच दुकानातून १०,५०० ला घेतला होता, आणि दुकानदाराने त्याला खरेपणाचा पुरावा म्हणून माझं मूळ बिल दिलं होतं. त्यावर माझा नंबर होता. हप्ते थकल्यामुळे कंपनीने फोन लॉक केला होता. हप्त्यावरच्या काही फोनमध्ये असं लॉक करणारं ॲप आधीच बसवलेलं असतं. तो मुलगा मलाच चोर समजून बोलत होता. त्याचं काय चुकलं? मजुरी करून पैसे जमवले होते त्याने. मी त्याला सगळं सांगितलं तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं की एकाच फोनवर दुकानाने दोघांना लुटलंय. त्या फोनमधून काही भलतंसलतं झालं असतं तर आयएमईआयवरून, म्हणजे प्रत्येक फोनच्या वेगळ्या ओळख क्रमांकावरून, पोलीस आधी माझ्याच दारात आले असते. जुना फोन देताना म्हणूनच आयएमईआय नंबर, तारीख, किंमत आणि दुकानाचा शिक्का असलेली पावती घ्याच. *#०६# लावलं की तो नंबर दिसतो. घेणाऱ्यानेही जपावं. १४४२२ वर ‘केवायएम’ ही तीन इंग्रजी अक्षरं, जागा सोडून १५ अंकी आयएमईआय असा मेसेज पाठवला की तो नंबर खरा आहे की काळ्या यादीतला, हे कळतं. त्यावर कुणाचं कर्ज आहे का, हे मात्र त्यातून कळत नाही.

तेवढ्यात शेतात ठिबकसाठी कर्जाची चौकशी करायला बँकेत गेलो, तर साहेबांनी क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे माझ्या कर्जांचा आणि परतफेडीचा लेखाजोखा, पुढे केला. त्यात जुनं कर्ज थकीत. क्रेडिट माहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हायमार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चुकीच्या नोंदीची तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. हप्त्यावर काहीही घेतलेलं असेल त्याने हा रिपोर्ट वर्षातून एकदा काढावाच.

मग जुनं कर्ज मी स्वतः दंडासकट भरलं आणि कंपनीकडून ‘काही देणं नाही’चं पत्र, म्हणजे एनओसी घेतली. दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवरचा ‘डन’ म्हणजे एनओसी नव्हे. हप्ता चालू असलेला फोन बदलायचाच असेल तर आधी फायनान्स कंपनीच्या ॲपवर किंवा ग्राहक सेवेवर स्वतः विचारा की आज बंद करायला किती भरावे लागतील. ती रक्कम थेट कंपनीला भरा आणि पत्र हातात आल्यावरच फोन सोडा. दुकानदार घाई करेल, ऑफर आज संध्याकाळपर्यंतच आहे म्हणेल. म्हणू द्या.

नवं कर्ज घेताना मुख्य तथ्य पत्रक मागा. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून असल्या सगळ्या किरकोळ कर्जांना ते बंधनकारक केलंय, आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचं असतं. वार्षिक खर्चाचा खरा टक्का, प्रक्रिया शुल्क, विमा, सगळं त्यात लिहिलेलं असतं. ओटीपी स्वतः वाचा, स्वतः टाका, आणि ई-मेल आपला नसेल तर घरातल्या मुलाचा द्या, दुकानाचा नको.

फायनान्स कंपनीने लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी पैसे लागत नाहीत, माहितीचा नंबर १४४४८. सुरक्षा प्लॅनची तक्रार मी तिथे केली आहे. दुकानासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण तिथून दुकानदार हलला नाही, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील केलाच पाहिजे असंही नाही, आणि २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे.

एनओसी आल्यावर मी तिची प्रत धरणगावच्या त्या मुलाला पाठवली आणि कंपनीने फोनचं लॉक काढलं. त्याने दुकानातून फोन घेतल्याची पावती आणि स्वतःचा लेखी जबाब मला दिला. अदलाबदलीचा पुरावा माझ्या बिलात नव्हता, तो या मुलाच्या पावतीत निघाला, कारण तिच्यावर माझ्याच फोनचा आयएमईआय आहे. ते दोन्ही कागद आता आयोगातल्या माझ्या अर्जाला जोडले आहेत.