इल्युजनिस्ट विझर्ड वर्षभर खेळल्यावर : 5 पैकी 4 स्टार

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ, त्याच्या 2014 च्या प्लेयर्स हँडबुकमधला (नियमांच्या पुस्तकातला) इल्युजन स्कूलवाला विझर्ड, म्हणजे भास उभे करणारा जादूगार, मी वर्षभर खेळतोय, फोंड्यात मित्राच्या घरी, दर रविवारी संध्याकाळी, आम्ही चौघं आणि डीएम (डंजन मास्टर, गोष्ट आणि शत्रू चालवणारा). ज्याला गोष्ट रंगवून सांगायला आवडते त्याने फायरबॉलचा (आगीचा गोळा फेकायच्या जादूचा) नाद सोडून एकदा हा घ्यावाच.

माझा विझर्ड फॉरेस्ट नोम आहे, म्हणजे रानातल्या बुटक्या जमातीचा. नोमला इंटेलिजन्स (बुद्धी) +2 मिळतो आणि फॉरेस्ट नोमला मायनर इल्युजन (छोटा भास करायची जादू) जन्मतःच येतं, त्यामुळे दुसऱ्या लेव्हलला स्कूल घेतलं की बदल्यात आणखी एक कँट्रिप (कितीही वेळा वापरता येणारी छोटी जादू) हातात पडते. शिवाय इतरांना मायनर इल्युजनमध्ये एकतर आवाज नाहीतर चित्र, आपल्याला एकाच वेळी दोन्ही!

तिसऱ्या लेव्हलला पुलावर सहा गॉब्लिन (छोटे राक्षस) होते आणि आमच्या फायटरचे (लढवय्याचे) हिट पॉइंट, म्हणजे जीव, संपत आलेले. मी सायलेंट इमेज ही चित्र उभं करायची जादू टाकून पुलाच्या तोंडाशी नरकासुर उभा केला, आपल्याकडे दिवाळीच्या आदल्या रात्री पोरं वाड्यावाड्यावर करतात तसाच, कागद चिकटवलेलं तोंड, बाहेर आलेले दात, डोळ्यांत लाल बल्ब. 15 फुटांच्या क्यूबमध्ये बसेल एवढाच करता येतो पण गॉब्लिनला तेवढा पुष्कळ झाला. सायलेंट इमेजला आवाज नसतो, म्हणून पुढच्या टर्नला मायनर इल्युजनने ढोल वाजवला, त्याची रेंज फक्त 30 फूट, म्हणजे मला पुलाखाली चिखलात सरपटत जावं लागलं. एकाने दगड मारला तो आरपार गेला आणि त्याला कळलं, पण तोपर्यंत बाकीचे पाच पळालेले. टेबलावर जो काही आरडाओरडा झाला, मित्राची आई बघायला बाहेर आली.

एक स्टार कापला तो डीएमवर फार अवलंबून राहावं लागतं म्हणून. आधी मी दुसऱ्या एका ग्रुपमध्ये हाच विझर्ड खेळायचो, तिथला डीएम मी स्पेल टाकला रे टाकला की सगळ्या शत्रूंना फुकटात इन्व्हेस्टिगेशन रोल (भास ओळखायचा फासा) करायला द्यायचा. नियम तसा नाहीये! तपासायचं तर शत्रूने त्या टर्नमधली स्वतःची अ‍ॅक्शन घालवायची, आणि माझा डीसी (भास ओळखायला लागणारा किमान आकडा) तेव्हा 13, म्हणजे साध्या गॉब्लिनला 20 च्या फाशावर 13 किंवा वर पाहिजे, 40 टक्के चान्स. ती अ‍ॅक्शन खर्च होणं हाच तर आपला फायदा. फुकट रोल दिला की हा विझर्ड मेला, मी तीन सेशन नुसता बसून होतो आणि खरंच वाईट वाटायचं. म्हणून कॅरेक्टर बनवायच्या आधी डीएमशी हे एवढं बोलून घ्या.

आणि वर्णन नीट करा. 'मी भिंत दाखवतो' म्हणून भागत नाही, कसली भिंत, चिऱ्याची की मातीची, शेवाळ आहे का, तिथे आधी काय होतं. दशावतारात साध्या बाकड्याचं सिंहासन होतं ते नटाच्या बोलण्यामुळे, इथेही तसंच. डीएमला भिंत दिसली तरच तो ती गॉब्लिनला दाखवणार ना.

आता पाचव्या लेव्हलला मेजर इमेज आलंय, त्यात आवाज, वास, उष्णता सगळं. सहाव्याला मॅलिएबल इल्युजन्स येईल, म्हणजे चालू असलेलं चित्र मध्येच बदलता येणार. पुढच्या रविवारी लेव्हल मिळाली तर भिंतीतून नरकासुर काढणार आहे.