राणी सैरभैर झालीय? आधी ती कुठल्या जातीची ते बघा

पहिल्या पावसानंतर दिव्याखाली सापडलेली मुंग्यांची राणी पाळायला म्हणून टेस्ट ट्यूबमध्ये ठेवली, की चौथ्या दिवसापासून जिवाला घोर लागतो. सारखी फिरतेय. काही खात नाही. काल अंडी होती, आज नाहीत. यातलं बिघडल्याचं लक्षण कुठलं, हे राणीच्या जातीवर ठरतं. म्हणून पाळायला कोणती घ्यायची हे ठरवतानाच दोघींचे स्वभाव शेजारी ठेवून बघावेत: एक आपला ओळखीचा काळा मुंगळा, म्हणजे कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, आणि दुसरी लांब जबड्यांची, उड्या मारत शिकार करणारी हार्पेग्नॅथॉस सॉल्टेटर.

मुंगळ्याच्या राणीला पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर येईपर्यंत काही खायला लागत नाही. पंख गळाले की उडायचे स्नायू बिनकामाचे होतात. तेच शरीरात विरघळवून ती पहिल्या अळ्यांना भरवते. उबदार हवेत या सगळ्याला साधारण दीड महिना लागतो. आपण मायेनं ठेवलेला मधाचा थेंब तेवढ्यात बुरशी धरतो. हार्पेग्नॅथॉसच्या राणीकडे अशी शिदोरी नसते. अंडी घातल्यावरही ती शिकारीला बाहेर पडते, छोटा रातकिडा डंख मारून लुळा करते आणि ओढत घरी आणते. तिला नळीत कोंडून कपाटात ठेवलंत, तर ती उपाशी मरेल.

म्हणजे राणी येरझाऱ्या घालतेय हे लक्षण एकच, पण उत्तरं दोन. मुंगळ्याची असेल तर आधी उजेड आणि हादरे बंद करा. नळी फ्रिजवर ठेवली असेल तर हलवा, कारण कॉम्प्रेसरची थरथर तिला चांगलीच जाणवते. मग आठवडाभर नळीकडे फिरकू नका. हार्पेग्नॅथॉसची असेल तर बहुधा तिला भूक लागलीय. नळी एका छोट्या डब्याला जोडा आणि जिवंत भक्ष्य सोडा.

अंडी खाणं दोघींतही दिसतं. मुंगळ्याच्या बाबतीत तर बहुतेक वेळा दोष आपलाच असतो. दर दोन तासांनी टॉर्च मारून बघितलं की राणी बिथरते आणि अंडी पोटात परत घेते. मीही पहिल्या वर्षी हेच केलं, वर राणीलाच नावं ठेवली. पोटाचं टोक पुढे वाकवून ती बराच वेळ तशीच उभी राहिली तर घाबरू नका, अंडी घालतेय. कोष तोंडाने फाडायला लागली तर ती ते खातेय असंही समजू नका. मुंगळ्याचं पिल्लू रेशमी कोषात असतं आणि त्याला बाहेर काढायला मदत लागते.

काळजी करावी असं एक लक्षण मात्र आहे. पंख आहेत तसेच, अंडी थोडकी आणि त्यातून निघाले तर फक्त नर. मग राणीचं मीलनच झालेलं नाही. मुंग्यांमध्ये फलित न झालेल्या अंड्यातून नरच होतात आणि नर घरातलं काडीचं काम करत नाहीत. नुसत्या पंखांवरून निकाल देऊ नका. मीलन होऊनही पंख न टाकणाऱ्या राण्या असतात.

राणी मेल्यावर काय, याचा विचार विकत घेताना कुणी करत नाही. मुंगळ्यांच्या वसाहतीत राणी गेली की नवी कामकरी पिढी थांबते. हार्पेग्नॅथॉसच्या कामकरी मुंग्या मात्र मिशांनी एकमेकींना फटकारत कित्येक दिवस झुंजतात आणि जिंकणाऱ्या काहीजणी स्वतः अंडी घालू लागतात. त्यांचा मेंदू आकसतो. पुन्हा कामकरी व्हायची वेळ आली तर तो परत वाढतो, असं 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं.

हात शिवशिवणाऱ्यांना हार्पेग्नॅथॉस मोहात पाडते, पण तिचा डंख दुखतो आणि जिवंत भक्ष्याचा पुरवठा कायम लागतो. पहिल्यांदा पाळणाऱ्याने मुंगळाच घ्यावा, तोही नळी विसरून जायची तयारी असेल तर.

आणि कुणी डायाकॅमाची राणी म्हणून काही विकायला आलं तर पैसे काढू नका. त्या जातीत राणी नसतेच. छातीवरच्या दोन इवल्या गाठी शाबूत राहिलेली एक कामकरी मुंगी अंडी घालते आणि इतरांच्या गाठी बहुधा कुरतडून टाकलेल्या असतात.