मधुमालती की कृष्णकमळ? सोलापुरात वेल लावण्याआधी

फुलं दोन्हींची देखणी. निवडताना आधी बघायचं ते वेल चढते कशी.

कृष्णकमळाच्या पानाच्या बेचक्यातून दोऱ्यासारखा तणावा निघतो आणि तार लागली की तिला वेटोळे घालतो. त्याला बारीक तार किंवा जाळीच हवी. दोन इंची पाइप त्याच्या कवेत येत नाही, वेल घसरते. मधुमालतीला तणावे नसतात. तिच्या पानाचं पातं गळतं, देठाचा बुडखा फांदीवरच राहतो, कडक होतो आणि त्याचा काटा बनतो. या काट्यांच्या आधाराने ती रेलत चढते, म्हणून सुरुवातीला सुतळीने बांधावी लागते. पुढे खोड लाकडासारखं होऊन वजन वाढतं. तिला लोखंडी मांडवच द्या, नुसती जाळी वाकते.

मधुमालतीचं फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, मग गुलाबी, शेवटी लाल. एका झुबक्यात तिन्ही रंग दिसतात. सुगंध रात्रीचा, कारण लांब नळीतला मध निशाचर पतंगांसाठी असतो. कृष्णकमळाचं फूल जेमतेम एक दिवस टिकतं, पण तंतूंचं वलय, ५ पुंकेसर आणि ३ कुक्षी जवळून बघण्यासारख्या. तंतू म्हणजे कौरव, पुंकेसर म्हणजे पांडव, असे कौरव-पांडव मुलांना मोजून दाखवता येतात.

आता आपली हवा आणि माती. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर कृष्णकमळाची पानं करपतात, मधुमालती तग धरते. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचलं की कृष्णकमळाची मुळं कुजतात. दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, काळी माती, मुरूम आणि कुजलेलं शेणखत समप्रमाणात भरा आणि रोप जमिनीपेक्षा वीतभर उंचावर लावा. चुनखडीच्या जमिनीत लोह अडकून राहतं, त्यामुळे कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा. मुळाशी घातलेलं हिराकस अशा मातीत लवकरच निकामी होतं.

कृष्णकमळावर काटेरी अळ्याही येतात. त्या केशरी फुलपाखराच्या. वेल मोठी असेल तर राहू द्या, रोप लहान असेल तर हाताने वेचा.

नळाला रोज पाणी नसेल आणि भिंत पश्चिमेची असेल तर मधुमालतीच. पूर्वेच्या खिडकीच्या ग्रिलला कृष्णकमळ. पाण्याची फारच टंचाई असेल तर दोन्ही सोडून बोगनवेल; जास्त पाणी दिलं तर ती नुसती पानांनीच भरते.

मधुमालतीचा फुलोरा नव्या फुटीवर येतो. फेब्रुवारीत जुन्या फांद्या निम्म्याने छाटा आणि बुडाशी येणारी फूट वेळच्या वेळी काढा, नाहीतर वेल खालीच पसरते.