क्रॅपीसाठी एका लाइनला दोन जिग: हिवाळा-उन्हाळा वापरून झाल्यावर

तीन तोंडांच्या स्विव्हलचं (फिरत्या कडीचं) तयार दोन-जिग रिग, म्हणजे एका लाइनवर दोन जिगांची जुळणी, घेतलं होतं, त्यातलं शेवटचं गेल्या शनिवारी टेक्सासमधल्या लेक फोर्कवर पाण्यातल्या लाकडात अडकून गेलं. ते पाकीट पुन्हा आणायचं नाही हे त्याच्या बरंच आधी ठरलं होतं. पण डॅलसकडचे दोघे-तिघे ओळखीचे हीच पाकिटं घ्यायच्या बेतात आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. जिग म्हणजे वजनदार डोक्याचा गळ आणि क्रॅपी म्हणजे गोड्या पाण्यातला मासा, यापलीकडे प्राथमिक गोष्टी इथे सांगत बसत नाही.

दोन जिग लावायची मुळात गरज का पडली ते आधी. समोरच्या पाण्यातले मासे पडद्यावर दाखवणारा लाइव्ह सोनार माझ्याकडे नाही आणि त्यावर हजारो डॉलर घालवायची इच्छाही नाही. क्रॅपी मात्र पाण्यात ठरावीक थरात उभी असते. डोळे डोक्यावर वरच्या बाजूला असल्यामुळे ती वरचं आमिष घ्यायला उठते, खालून गेलेल्याकडे सहसा बघत नाही. म्हणजे जिग दोन फूट खाली गेलं की सकाळ वाया. एका लाइनवर हातभर अंतराने दोन जिग असले, की एका वेळी दोन खोल्या आणि दोन रंग तपासून होतात. गढूळ पाण्यात वर पोपटी, खाली गुलाबी. पाणी निवळ असेल तर एक पांढरं. अर्ध्या तासात कुठला थर, कुठला रंग ते कळतं. काही डॉलरमध्ये होणारं हे काम मला अजूनही फार मोलाचं वाटतं.

आता मुख्य दुखणं, पीळ. तयार रिगमध्ये स्विव्हलच्या बाजूच्या तोंडाला एक आखूड दोरा असतो आणि त्याला वरचं जिग. हा दोरा मुख्य लाइनपासून ताठ बाहेर राहिला तरच रिगला अर्थ आहे. माझ्या पाकिटांतला दोरा मऊ होता आणि छापलेल्या मापापेक्षा चांगला दोन इंच लांब. पाण्यात सोडताना जिग स्वतःभोवती फिरतं, दोरा मुख्य लाइनला दोन-तीन वेढे देतो आणि जिग लाइनला चिकटून, गळ खाली करून लटकतं. वरून काही दिसत नाही. आपण काठी धरून बसतो आणि प्रत्यक्षात एकाच जिगने गरवत असतो. मी दर दहा मिनिटांनी लाइन वर घेऊन बघायला लागलो, आणि जवळपास दर वेळी वेढे सोडवत होतो. डिसेंबरच्या वाऱ्यात, बोटं बधिर असताना, सहा पौंडी (तेवढाच ताण झेलणाऱ्या) लाइनचा वेढा सोडवणं हा ताप ज्याने काढलाय त्यालाच कळेल. ब्रेडवर, म्हणजे विणलेल्या लाइनवर, तर विचारूच नका. ब्रेड इतकी मऊ की वेढ्याची गाठच होते.

विक्रेत्याला लिहिलं. टेपवर दोरा ठेवून फोटो पाठवले, छापलेलं माप आणि खरं माप शेजारी शेजारी. उत्तर आलं की टॅकलला (गरवायच्या सामानाला) वॉरंटी नसते, लाकडात अडकणं ही ग्राहकाची जबाबदारी. अडकण्याबद्दल मी अक्षरही लिहिलं नव्हतं! दुसऱ्या मेलनंतर पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट देऊ केली. पैसे चार-पाच डॉलरचेच, पण मापाला मापाने उत्तर मिळालं नाही याचा राग अजून आहे. ती सूट मी घेतलेली नाही.

इथपर्यंत माझं मत होतं की दोन जिगचा प्रकारच सोडावा. ते बदललं पॅलोमार गाठीने. स्विव्हल नाही, बाजूचा दोरा नाही. वरचं जिग थेट मुख्य लाइनवर. लाइन दुहेरी करून जिगच्या डोळ्यातून, म्हणजे दोरा ओवायच्या छिद्रातून, घालायची, सैल साधी गाठ मारायची, पुढचा फास जिगवरून ओलांडून घ्यायचा, ओठांनी ओलं करून आवळायचं. खालचं टोक भरपूर लांब सोडायचं, गाठ पडल्यावर कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत उरेल इतकं. ते टोक आणखी एकदा डोळ्यातून ओवून खाली घेतलं की जिग लाइनला काटकोनात आडवं उभं राहतं. मग त्या टोकाला खालचं जिग. रबरी शेपटी शेवटी चढवायची, नाहीतर फास ओलांडताना फाटते. बाहेर लोंबणारा दोराच नसल्यामुळे वेढा घ्यायला काही उरत नाही. पहिल्या दिवशी लाइन वर घेतली, वरचं जिग जसं सोडलं तसंच आडवं होतं, आणि मला खरोखर आनंद झाला.

वजनाचं मात्र पाळावं लागतं: वर १/३२ औंस, खाली १/१६, वारा असला तर खाली १/८. उलटं केलं तर जड जिग आधी खाली जाऊन हलक्याला गाठतं, मधली लाइन सैल पडते आणि पुन्हा गुंता. रत्नागिरीला लहानपणी हातदोरीने गरवताना शिसं सगळ्यांत खाली असायचं, तोच हिशेब.

पॅलोमारचा एक तोटा आहे, तो लपवत नाही. लेक फोर्क १९८०मध्ये अडवला तेव्हा बरीच झाडं पाण्यातच उभी ठेवली गेली. क्रॅपी त्याच लाकडात असते आणि दोन गळ म्हणजे अडकायला दोन जागा. वरचं जिग अडकून लाइन तुटली की दोन्ही जातात. यावर उपाय गळात सापडला. पातळ तारेचे सोनेरी ॲबर्डीन गळ, ४ नंबरचे, आणि मुख्य लाइन आठ पौंडी. सावकाश सरळ ओढलं की तार उघडते, जिग सुटून येतं, पक्कडीने गळ पुन्हा वाकवायचा. दोन-तीनदा वाकवल्यावर मात्र तो टाकून द्या. तयार पाकिटातले गळ जाड होते, ते कधी उघडले नाहीत, लाइनच तुटायची. खालच्या जिगचा तुकडा मी हल्ली वेगळा, चार पौंडी लावतो. त्यामुळे एक गाठ वाढते, पण खालचं अडकलं तर तेवढंच जातं.

जोडीने दोन मासे येतात का? येतात, वसंतात उथळ पाण्यात बऱ्यापैकी. सुरुवातीला मला त्याचंच आकर्षण होतं, आता राहिलेलं नाही. क्रॅपीच्या तोंडाची कातडी पातळ असते. दोघी दोन दिशांना ओढतात आणि एक तरी फाडून जाते. एकच लागली तरी मोकळं राहिलेलं जिग लाकडात रुतायची धास्ती असते. खालची लागली आणि वरचं फांदीत बसलं, तर मासा आणि जिग दोन्ही गमावायची तयारी ठेवा. जाळ्यात घेताना मोकळा गळ दोऱ्यात अडकतो, म्हणून रबरी जाळं घ्या. मासा सोडवण्याआधी मोकळा गळ काठीच्या कडीत अडकवून ठेवा, तो नेमका बोटात घुसतो.

हिवाळ्यात आणखी एक गोष्ट. लेक फोर्कवर १ डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर क्रॅपीला किमान लांबीची अट नसते आणि पकडलेली प्रत्येक ठेवावीच लागते, २५ होईपर्यंत. खोलातून वर आलेल्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, सोडला तरी तो बहुधा जगत नाही, त्यामुळे नियम मला पटतो. पण दोन जिगवर लहान मासे जोडीने आले की तेही २५ मध्येच मोजायचे. म्हणून त्या तीन महिन्यांत थर सापडला की मी वरचं जिग काढून टाकतो आणि एकावरच गरवतो. इतर वेळी टेक्सासचा नेहमीचा १० इंचांचा नियम आहे. दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांनी एका लाइनवर किती गळ चालतात ते तिथल्या पुस्तिकेत पाहूनच निघावं, सगळीकडे सारखं नाही.

तीन जिगही लावून पाहिले. बोटीत उचलतानाच गळ एकमेकांत जातात. पुन्हा करणार नाही.

तयार पाकीट घेऊ नका. त्या पैशात आठ पौंडी मोनोचं (एकपदरी नायलॉन लाइनचं) एक रीळ आणि पातळ तारेच्या मोकळ्या जिग डोक्यांची पुडी घ्या, घरी टेबलावर पाच-सहा गाठी मारून हात बसवा. दहा-बारा फुटी काठी असेल आणि बोटीतून सरळ खाली सोडणार असाल तर हे पॅलोमार गाठीचं रिग वापराच. किनाऱ्यावरून आखूड काठीने फेकणाऱ्यांसाठी ते नाही. फेकताना दोन्ही जिग हवेत एकमेकांभोवती फिरतात आणि पॅलोमारही त्याला काही करू शकत नाही. त्यांनी सरकता फ्लोट (लाइनवरचं तरंगतं बूच) आणि एकच जिग वापरावं.