पितळी तांब्या, ५० एमएमची लेन्स आणि ८ महिने

पाडव्याला ५० एमएम, एफ १.८ ची लेन्स घेतली. (एफ म्हणजे लेन्समधल्या छिद्राचं माप, आकडा लहान तितकं छिद्र मोठं.) सेकंडहँड, साडेपाच हजारांना. विचार होता पोर्ट्रेट काढायचा, पण आमच्या घरात फोटोसाठी दोन मिनिटं स्वस्थ बसणारं माणूस नाही. म्हणून एका दुपारी पितळी तांब्या उचलून खिडकीत ठेवला. आता दिवाळी होऊन गेली, तरी निम्मे फोटो त्याचेच आहेत. बाकी खलबत्ता, गाळणी, लोणच्याची बरणी, लसूण.

पहिला महिना सगळं एफ १.८ वर काढलं. मागचं धूसर झालं की फार भारी वाटतं ना! पण क्रॉप सेन्सरवर (म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग, माझा जरा लहान आकाराचा) ४५ सेंटिमीटरवरून फोटो काढला, तर जेमतेम अर्धा सेंटिमीटर फोकसमध्ये राहतो. तांब्याचा काठ लख्ख, पोट गायब. एफ ८ ला तेच अडीच सेंटिमीटरच्या आसपास जातं. म्हणजे ज्या १.८ साठी पैसे मोजले, तिकडे मी हल्ली फिरकतही नाही. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ ८, आणि पावसाळ्यातल्या उजेडात शटर पाव ते अर्धा सेकंद उघडं. ट्रायपॉडला पर्याय नाही, टायमर २ सेकंदांचा. आणि शेजारी मिक्सर चालू असेल तर थांबायचं, अख्खा ओटा थरथरतो.

खरा छळ पितळेनं केला. तांब्याच्या पोटात सगळं दिसतं: खिडकीचं ग्रिल, वाळत घातलेले टॉवेल, कॅमेऱ्यामागे वाकलेली मी. खूप दिवस मी तांब्यावरच्या उजेडाशी झगडत होते. मग डोक्यात शिरलं की तांब्या आरसाच आहे, त्याच्यासमोर काय ठेवायचं ते मी ठरवायचं. ग्रिलवर बटर पेपर चिकटवला, तर पट्ट्यांच्या जागी एकच मऊ, उभी चमक आली. दुसऱ्या बाजूला टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल लावला की सावली उजळते. तिथेच काळा कार्डपेपर धरला की कड ठसठशीत होते. मला काळाच जास्त आवडतो. ट्यूबलाइट मात्र बंदच हवी, नाहीतर एक बाजू निळी आणि एक हिरवट येते, आणि ते नंतर सुधारता सुधारत नाही.

सासूबाईंचं म्हणणं, "अगं, फोटो काढायचा तर आधी चिंच लावून घास तरी!" एकदा घासला. इतका चकचकीत झाला की कॅमेऱ्यावरची अक्षरं त्यात वाचता येत होती. पंधरा दिवस न घासलेला तांब्या फोटोत कितीतरी देखणा दिसतो, पण हे त्यांना कसं सांगणार?

लेन्सची मोठी अडचण म्हणजे जवळ जाता येत नाही. माझ्या लेन्सची हद्द ३५ सेंटिमीटर. तेवढ्यावरून फ्रेममध्ये साधारण १० सेंटिमीटर रुंदी मावते, म्हणजे वेलदोडा कुठेतरी मध्ये हरवलेला. कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये १२ एमएमची एक्स्टेन्शन ट्यूब लावल्यावर ती रुंदी निम्म्यावर आली. ट्यूबमध्ये काच नसते, नुसती पोकळ नळी, त्यामुळे स्वस्त. ऑटोफोकस कमी उजेडात भिरभिरतो. मी तो बंद करून स्क्रीनवर मोठं करून हातानंच फोकस करते. पावसाळाभर लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली, बुरशी लागली नाही.

अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांनी १९३० मध्ये एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून फोटो काढला होता, तो खूप गाजला. ते वाचून मीही तेलाचं नरसाळं आडवं केलं. मिरची तीन दिवसांत सुरकुतली, धड फोटो एकही नाही. मग तिची भाजी केली.

घ्यावी का? किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळते ती झूम लेन्स) असेल तर आधी तीच ५० वर आणि एफ ८ ला लावून महिनाभर एकाच भांड्याचे फोटो काढा. त्या छिद्राला फरक फारच थोडा दिसतो. त्यानंतरही घ्यावीशी वाटली तर घ्या, मी माझी विकणार नाहीये. तूर्तास बटर पेपर बदलायला झालाय, फोडणीच्या वाफेनं तो पिवळा पडलाय आणि तांब्या जरा जास्तच सोनेरी दिसायला लागलाय.